डबीतला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आमच्या घरी एक रुपया घासला जातो. राणीछाप रुपया, सन १८६२. आजीच्या माहेराहून आलेला. आई तो रात्रीच रिठ्याच्या पाण्यात भिजत घालते, सकाळी चिमूटभर रांगोळी घेऊन अंगठ्याने खसाखसा चोळते, आणि संध्याकाळी तबकात झेंडूच्या पाकळ्यांवर ठेवते. पणतीच्या उजेडात तो असा काही झळकतो, की कालच टाकसाळीतून आला असावा. राणीचे नाक मात्र या दरसालच्या अभ्यंगस्नानात केव्हाच झिजून गेले आहे.

गेल्या दिवाळीत माझे एक नाणेसंग्राहक स्नेही नेमके त्याच वेळी घरी आले. आईच्या हातातला रुपया पाहून ते जवळजवळ ओरडलेच, "अहो आजी, काय करता हे! याची किंमत गेली!"

आईने मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "देवापुढं ठेवायचा रुपया पारोसा ठेवू का?"

मला विचाराल तर दोघांचेही बरोबर होते. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे, आणि आज ती लिहून टाकायची आहे. ती वाचून माझ्या संग्राहक मित्रांना राग येईल. यावा. मीही त्यांच्यातलाच आहे, आणि यात सर्वांत वाईट गोष्ट मी सांगणार आहे ती माझीच आहे.

प्रथम माझी ओळख. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एक लोकांनी वाचली. नाण्यांचा नाद मात्र या सगळ्याच्या आधीचा. चित्रकलेच्या मास्तराला नाणे का आवडावे? त्यावरच्या उजेडासाठी. टाकसाळीत ठशाखाली धातू दाबला जातो तेव्हा तो मधून कडेकडे सरकतो, आणि त्या सरकण्याच्या केसाहूनही बारीक रेषा नाण्याच्या अंगावर उमटून राहतात. कोरे नाणे दिव्याखाली हळूच फिरवा. उजेडाचा एक पट्टा त्याच्यावरून चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. एकदा घासले की त्या रेषा गेल्या, आणि तो फिरता उजेड पुन्हा जन्मात येत नाही. घासलेले नाणे चमकते खरे, पण त्याची चमक एका जागी खिळलेली असते. तेव्हा माझे स्नेही ओरडले यात नवल नाही.

आता हे "ग्रेडेड" नाणे म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाणे एखाद्या प्रतवारी कंपनीकडे पाठवावयाचे. तेथील पारखी मालकाचे नाव न कळता ते पाहतात, ते अस्सल आहे की नाही ते ठरवतात, त्याला १ ते ७० यांपैकी एक आकडा देतात, आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करून परत धाडतात. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. एकापासून अठ्ठावन्नापर्यंतचे आकडे वापरात झिजलेल्या नाण्यांचे, आणि साठ ते सत्तर हे न झिजलेल्यांचे. सारी झुंज या शेवटच्या दहा-अकरा पायऱ्यांवर चालते. चौसष्ट आणि पासष्ट यांतला फरक नवख्याला भिंगातूनही दिसत नाही. किमतीत मात्र तो कधीकधी दुपटीचा असतो.

ही मोजपट्टी अमेरिकेत जन्मली. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटांवर पुस्तक लिहिले, त्यात ती मांडली. त्यांचा हिशेब सोपा होता. अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर उत्तमातल्या उत्तम नाण्याची सत्तर पट. म्हणून सत्तर. हेच गृहस्थ मानसशास्त्रज्ञही होते, आणि माणसांच्या देहयष्टीलाही तीन-तीन आकडे देत असत. पुढे ही पट्टी सेंटांवरून सर्वच नाण्यांना लागू झाली, आणि १९८६ व १९८७ साली तिकडे दोन मोठ्या कंपन्या निघाल्या, त्यांनी नाणी डबीत घालण्याचा धंदा जगभर नेला.

या कंपन्यांनी काही भले केले नाही असे मी म्हणणार नाही. त्यापूर्वी व्यापारी विकताना ज्या नाण्याला "एकदम कोरे" म्हणे, तेच परत घेताना "बरेच वापरलेले" म्हणे. गिऱ्हाईक अडाणी असले की मेलाच. डबीने हे थांबवले. बनावट नाण्यांचा सुळसुळाट आपल्याकडे काय कमी आहे? सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ म्हणून १९३८ मधल्या आठाचा नऊ करून विकणारे महाभाग आहेत. शिवरायांच्या सोन्याच्या होनाच्या नकला तर विचारूच नका. अशा बाजारात एक तटस्थ पारखी असावा ही मागणी रास्त होती, आणि आजही आहे.

माझे भांडण पारख्याशी नाही. आकडा हाती आल्यावर आपण संग्राहकांनी त्याचे काय केले, त्याच्याशी आहे.

आधी त्या मोजपट्टीच्या जनकाचीच गोष्ट ऐका. शेल्डन १९७७ साली वारले. त्यानंतर हळूहळू उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याच जातीचे हलके सेंट ठेवण्याचा उद्योग या गृहस्थांनी केला होता. त्यांच्याकडून पुढे विकल्या गेलेल्या नाण्यांसाठी सोसायटीला न्यायालयात जावे लागले, आणि १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. नीट पाहा हं. हा मनुष्य भुरटा नव्हता. नाण्यांवर त्याचे खरेखुरे प्रेम होते, त्याच्याइतकी त्या सेंटांची जाण फार थोड्यांना होती, आणि त्याने संख्येने एकही नाणे कमी केले नाही. एक घेतले, एक ठेवले. फक्त प्रत बदलली. ज्याने प्रत मोजायला शिकवले त्यालाच प्रतीचा मोह आवरला नाही! आकड्याने माणूस प्रामाणिक होतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण उशाशी ठेवून झोपावे.

पुढे स्पर्धा आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपन्यांनी संग्राहकांच्या याद्या लावायला सुरुवात केली. कोणाकडे कोणत्या मालिकेतली किती नाणी आहेत, त्यांच्या आकड्यांची सरासरी काय, पहिला कोण, दुसरा कोण. शाळेच्या निकालाच्या फळ्यासारखे हे प्रकरण. आणि फळा लागला की पुढे काय होते ते मास्तरांना कुणी सांगायला नको.

नाणे चौसष्टला आले की डबी फोडायची आणि पुन्हा पाठवायची. पासष्ट आले नाही तर पुन्हा. नाणे तेच, पारखी थकलेला असेल किंवा खुशीत असेल, एखाद्या खेपेला आकडा चढतो. जुनी चिठ्ठी परत केली नाही तर कंपनीच्या दप्तरात एकाच नाण्याची दोन नाणी होतात. त्याने समाधान झाले नाही तर औषधोपचार. काळवंडलेले नाणे आम्लात बुडवून पांढरे करावयाचे, पांढरे असेल तर गंधकाची धुरी देऊन इंद्रधनुष्यी रंग चढवावयाचे, ओरखडा असेल तर त्यावर लांबी किंवा अंगचे तेल चोळून तो बुजवावयाचा. तिकडे अशा लोकांना "नाण्यांचे डॉक्टर" म्हणतात. २०१० साली एका मोठ्या कंपनीने अशा व्यवहाराबद्दल काही व्यापाऱ्यांवर फिर्यादच केली. त्याच साली आकड्यापुढे अधिकचे चिन्ह लावण्याची नवी टूम निघाली, म्हणजे भांडायला अर्धी पायरी आणखी मिळाली. पारख्यांवर विश्वास उरला नाही म्हणून २००७ पासून दुसरीच एक कंपनी निघाली होती. ती बंद डबीतले नाणे पाहून, आकडा रास्त असल्यास डबीवर हिरवी चिकटपट्टी लावते. पारख्यांचा पारखी! आणि चीनमध्ये तर नाण्यासकट सगळी डबीच बनावट तयार होऊ लागली.

आमच्याकडे याला आणखी एक कंगोरा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. पण परदेशी आकड्याचा मोह असा, की आजोबांच्या काळची नाणी पाहुण्याच्या बॅगेतून "जरा नंबर काढून आणा" म्हणून धाडण्याची भाषा मी स्वतः ऐकली आहे. प्रामाणिकपणाचा दाखला आणायला कायदा मोडून जायचे, यातला विनोद कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता माझी गोष्ट.

आमच्या गावात संग्राहकांचे एक मंडळ आहे. महिन्याच्या एका रविवारी आम्ही जमतो, चहा होतो, नाणी हातोहात फिरतात. काही वर्षांपूर्वी कोणीतरी स्पर्धेची टूम काढली. सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये, १९३८ ते १९४५, दुर्मिळ १९३९ वगळून सात नाणी. सातही ग्रेड केलेली. ज्याच्या आकड्यांची बेरीज जास्त त्याला एक वर्ष फिरती ढाल.

मंडळात एक वयस्क गृहस्थ आहेत. टपालखात्यात कारकून होते. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या बेरजेचा आकडा ४४७. माझा ४४५. माझ्या १९३८ च्या रुपयाला ६२ मिळाले होते, कारण राजाच्या गालावर एक तिरका ओरखडा होता.

एके रात्री घरचे झोपल्यावर मी ती डबी फोडली. नाकाच्या कडेला बोट फिरवले आणि ते बोट राजाच्या गालावर अगदी हलके, चित्रातली छटा विरघळवतो तसे फिरवले. हात तयार होता. तीस मुलांची चित्रे रोज तपासणारा हात तो. ओरखडा बुजला. रुपया पुन्हा एका व्यापाऱ्यामार्फत रवाना झाला, आणि काही महिन्यांनी परत आला तेव्हा डबीवर ६५ होते. बेरीज ४४८.

ढाल देण्याच्या दिवशी काकांनी माझी डबी मागून घेतली. ट्यूबलाइटखाली ती तिरकी धरून त्यांनी दोन वेळा फिरवली.

"मास्तर, गालावर उजेड फिरत नाही," ते हळूच म्हणाले.

मी म्हणालो, "पासष्ट दिलेत त्यांनी."

"हो, ते दिसतंय." त्यांनी डबी परत केली. ढाल माझ्या हाती आली तेव्हा सर्वांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

वाचकहो, मी त्यांच्याशी खोटे बोललो का? शब्दाने नाही. धर्मराज तरी कुठे खोटे बोलला होता? नरो वा कुंजरो वा! आमच्या छंदातली सगळी लबाडी आज याच जातीची आहे. कोणी बनावट नाणे विकत नाही, कोणी खोटा आकडा सांगत नाही. आकडा खराच असतो, डबीवर छापलेला असतो. आपण फक्त त्याच्याकडे बोट दाखवतो आणि गप्प बसतो. पूर्वी लबाडी करायला तोंड उघडावे लागे. डबीने तेवढेही कष्ट वाचवले.

चौदा महिन्यांनी एका सकाळी कपाट उघडले तर राजाच्या गालावर दुधासारखे धुके. चोळलेले तेल कालांतराने असे उमटतेच. डबी बंद असली म्हणून काय झाले? धुक्याच्या मधोमध तो तिरका ओरखडा पुन्हा स्वच्छ दिसत होता.

पुढच्या रविवारी मी डबी आणि ढाल दोन्ही मंडळात नेली आणि काय केले ते सांगितले. मला वाटले होते, लोक रागावतील. तसे काही झाले नाही. दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, "मास्तर, चोळत कोण नाही?" आणि चिटणीसांनी नियमांचा कागद काढून वाचून दाखवला: डबीवरचा आकडा अखेरचा समजण्यात येईल. तेव्हा ढाल माझीच! मी ती काकांपुढे सरकवली. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "मला एक गुण कमी होता. तो आजही कमीच आहे की."

ती ढाल अजून मंडळाच्या कपाटात पडून आहे. तिच्यावर माझे नाव कोरलेले आहे. माझ्या अपराधाची मला लाज वाटते. पण नियमाचा तो कागद आठवला की संताप येतो. चोराने चोरी कबूल केली तरी पंचनामा म्हणतो, तू साव आहेस!

यावर माझे मित्र काय म्हणतील ते मी जाणतो. "स्पर्धेशिवाय छंदात जान राहत नाही." मान्य. लहानपणी जास्त शिवराई पैसे कोणाकडे, यावर आम्हीही मारामाऱ्या केल्या. पण त्या स्पर्धेत नाणे समोर असे. आताच्या स्पर्धेत नाणे काढून नुसत्या डब्या पाठवल्या तरी निकाल तोच लागेल. दुसरे म्हणतील, "पारखी चुकला तर दोष पारख्याचा." वा! म्हणजे परीक्षकाला नक्कल ओळखता आली नाही तर नक्कल करणारा निर्दोष! आंतरशालेय चित्रस्पर्धेला दरवर्षी माझ्याकडे अशी चित्रे येतात, की त्यांत मुलाच्या हाताची एकही रेघ नसते. पालक म्हणतात, "सर, सगळेच करून देतात, आमचाच मुलगा का मागे राहावा?" मी ती चित्रे परत करीत असे आणि पालकांना दोन शब्द सुनावीतही असे. ज्या वर्षी मी राजाचा गाल चोळला त्या वर्षीही सुनावले होते. आपलेच नाणे खोटे, तर बोल कुणाला लावायचा?

आपल्याकडे जुना सराफ काही संत नव्हता. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, नाना जातीचे रुपये चालत, आणि प्रत्येकावर सराफ बट्टा कापून घेई. त्यात तो आपली पोळी भाजून घेत असे यात शंका नाही. पण बट्टा तोंडाने सांगावा लागे. हा रुपया या टाकसाळीचा, झिजला आहे, म्हणून इतका बट्टा. घेणाऱ्यालाही ते ऐकू येई आणि शेजारच्यालाही. तो रुपया दगडावर आपटून वाजवून घेई. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर परत. डबीतले नाणे वाजत नाही.

मराठीत दोष दाखवायला शब्द आहे खोट, आणि असत्याला खोटे. रुपयाच्या गालावर ओरखडा होता तोवर ती नुसती खोट होती. मी बोट फिरवले आणि तिचे खोटे झाले.

माझे म्हणणे फार मोठे नाही. ग्रेडिंग बंद करा असे मी म्हणत नाही. काका प्रत्येक नाण्याबरोबर पोस्टकार्डाच्या आकाराचा एक कागद ठेवतात. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले असते: कुठून घेतले, केव्हा, कितीला, आणि त्याखाली "खोट" असा मथळा देऊन, कुठे ओरखडा, कुठे डाग, कधी कोणी धुतले असल्याचा संशय. स्पर्धा घ्यायचीच तर या कागदासकट घ्या. नाणे किती वेळा पाठवले आणि दर वेळी काय आकडा आला तेही त्यावर लिहा. डबी फोडली तर जुनी चिठ्ठी कंपनीला परत करा. आणि ज्याने खोट लपवली असे सिद्ध होईल, मग ते त्याने स्वतः सांगितले असले तरी, त्याचा आकडा त्या दिवसापासून शून्य धरा. आमच्या मंडळापुढे ही सूचना मी दोनदा लेखी दिली. दोन्ही वेळा ती पुढच्या सभेवर ढकलली गेली. म्हणून आज चार लोकांपुढे ठेवतो आहे.

आणि ज्यांच्या घरी मुले नुकतीच नाणी जमवू लागली आहेत त्या वाचकांना एक विनंती. मुलाला पहिली डबी आणून देऊ नका. हाताळलेले, झिजलेले नाणे द्या. सत्तर गुणांचे नाणे म्हणजे ज्याने जन्मात एक नारळसुद्धा विकत घेतला नाही असे नाणे. ते सुंदर असते, पण नाणे म्हणजे काय ते मुलाला झिजलेल्यावरूनच कळेल.

तो ६५ आकड्याचा रुपया मी विकला नाही. विकला तर खोट सांगावी लागेल, आणि सांगितली तर कोणी घेणार नाही. परवा वसुबारसेच्या तयारीत कपाट आवरताना आईच्या हाती ती डबी लागली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, नखाने टकटक केले. प्लॅस्टिकचा पोकळ आवाज आला.

"हा वाजत नाही रे," ती म्हणाली.

मग आपला राणीछाप रुपया बटव्यातून काढून, कोणाही संग्राहकाच्या काळजाचे पाणी होईल अशा बेफिकिरीने, तिने तो फरशीवर टाकला. घरभर आवाज घुमला. धाकटी मुलगी आतल्या खोलीतून धावत आली आणि म्हणाली, "आजी, पुन्हा टाक ना!"